मुक्त आज्ञावली आणि शाळेची निवड

जळगाव-धुळ्याकडील शाळेने जमविलेल्या अहिराणी ओव्या संगणकावर उतरविल्या, तरी त्या टिकतीलच असे नाही. जुन्या खाजगी फॉन्टांची सांकेतिक मांडणी परस्परांहून भिन्न असे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकूर निरर्थक दिसतो. १९९१ साली युनिकोडने देवनागरीस समाईक संकेत दिले. ‘मुक्ता’ हा युनिकोड फॉन्ट आणि २०१० पासूनची ‘लिब्रेऑफिस’ ही आज्ञावली विनामूल्य आहेत. शिवाय त्यांची रचना पाहण्याची, बदलण्याची व इतरांस देण्याची मोकळीक सर्वांस आहे. विकत मिळणारी आज्ञावली त्याज्य नव्हे. तीत सोय असते, साहाय्यही मिळते. मात्र निवडीपूर्वी शिक्षकांनी एवढे पाहावे : उद्या ती सोडली, तर मुलांनी उतरविलेल्या ओव्या अन्य संगणकावर वाचता येतील काय?