साडेतीन हात जमिनीचा हक्क

३१ जुलै १९८० च्या रात्री मोहम्मद रफी गेले तेव्हा रमजान चालू होता. दुसऱ्या दिवशी जुम्मा, म्हणजे शुक्रवार. भर पावसात हजारो मुंबईकर जनाज्यामागून जुहूच्या कब्रस्तानापर्यंत गेले. त्यात रोजेदार होते, तसेच रफींच्या भजनांवर वाढलेलेही होते.

तीस वर्षांनी, २०१० मध्ये, त्याच कब्रस्तानातून बातमी आली. रफी, मधुबाला, साहिर, तलत महमूद, नौशाद यांच्या कबरींवरचे बांधकाम काढून टाकले होते. नव्या मय्यतींना जागा नव्हती. चाहते हळहळले. आजही लोक जवळच्या नारळाच्या झाडाच्या खुणेने रफींची कबर शोधतात. पण यात धर्माविरुद्ध काही घडले नव्हते. पक्की कबर बांधणे बहुतेक उलेमांना पसंत नाही. कबर कच्ची असावी, देह मातीत मिसळला की काही वर्षांनी त्याच जागी दुसऱ्याला दफन करावे, अशी जुनी वहिवाट आहे. त्या मातीत गायक आणि हमाल यांचा दर्जा एकच.

प्रश्न वेगळाच आहे. मेलेल्या माणसाला जमिनीचा हक्क असतो का? कायदा मृताला ‘व्यक्ती’ मानत नाही. तरीही राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील सन्मानाचा अधिकार मृतदेहालाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात मान्य केले. या तत्त्वाची खरी परीक्षा मुंबईत झाली ती २०२० मध्ये.

३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने परिपत्रक काढले: करोनाने मृत्यू झालेल्यांचे, धर्म कोणताही असो, दहनच करावे. विरोध होताच ते त्याच दिवशी मागे घेतले गेले. पण भीती मागे घेता येत नाही. दोनच दिवसांनी मालाडच्या मालवणीतील एका ६५ वर्षांच्या मुस्लिम गृहस्थांचे निधन झाले. तिथल्या कब्रस्तानाच्या विश्वस्तांनी दफनाला नकार दिला, आणि अखेर जवळच्या हिंदू स्मशानभूमीत त्यांचे दहन झाले. नकार आपल्याच लोकांनी दिला होता, हे इथे स्पष्ट सांगायला हवे. मय्यतीला गुस्ल देणे, कफन घालणे, जनाज्याची नमाज पढणे आणि दफन करणे हे ‘फर्जे किफाया’ आहे. म्हणजे वस्तीतल्या काहींनी केले तर सगळे सुटले. कुणीच केले नाही तर सगळे गुन्हेगार. त्या दिवशी मालवणीत ते कुणीच केले नाही. परक्या स्मशानाने मात्र दार उघडले.

९ एप्रिलला पालिकेने दफनासाठी वीस जागा नेमून दिल्या. त्यात वांद्रे पश्चिमेची कब्रस्ताने होती. आजूबाजूच्या काही रहिवाशांनी उच्च न्यायालयात धाव घेतली: वस्ती दाट आहे, मातीतून विषाणू पसरेल. अंतरिम मनाई मिळाली नाही, म्हणून ते दिल्लीला गेले. सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण निकालासाठी पुन्हा मुंबईला पाठवले.

तोवर रमजान लागला होता. मशिदी बंद, तरावीह घरात, इफ्तारला शेजारी नाहीत. निकाल आला २२ मे रोजी, अलविदा जुम्म्याला, म्हणजे रमजानच्या शेवटच्या शुक्रवारी. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती एस. एस. शिंदे यांच्या खंडपीठाने याचिका फेटाळली. मृतदेहातून संसर्ग पसरतो याला शास्त्रीय आधार नाही. आरोग्य यंत्रणेचे नियम पाळून दफन करता येते. जागा ठरवण्याचा अधिकार पालिकेला आहे. आणि सन्मानाने दफन होणे हा २१ व्या कलमाचाच भाग आहे. एखादा करोनाने मेला एवढ्यावरून, एरवी त्याला मिळाले असते ते नाकारता येणार नाही.

याचिकाकर्त्यांना धर्मद्वेष्टे ठरवणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. त्या दिवसांत सगळेच घाबरले होते. मालवणीचे विश्वस्तही घाबरलेच होते. कायद्याची गरज लागते ती अशाच वेळी.

हक्क मान्य झाला तरी जमीन कुठून येणार, हा प्रश्न उरतोच. गोवंडी-देवनार भागात नव्या कब्रस्तानासाठी जनहित याचिका झाली. जागा शोधण्यात होणाऱ्या विलंबावर जून २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने पालिकेला फैलावर घेतले. लोकांनी कबरीसाठी आता मंगळावर जायचे का, असा सवाल न्यायमूर्तींनी केला. सन्मानाची जागा मिळण्याचा हक्क जिवंताइतकाच मृतालाही आहे, हेही सुनावले.

आणि जागा असली तरी ती कुठे असावी यावर न्यायाधीशांचेही एकमत होत नाही. छत्तीसगडच्या बस्तरमधील एका ख्रिस्ती पाद्रींचा मृतदेह जानेवारी २०२५ मध्ये जवळजवळ तीन आठवडे शवागारात पडून होता. गावात पुरायला गावकऱ्यांचा विरोध होता. न्या. बी. व्ही. नागरत्ना यांचे मत पडले की मुलाला स्वतःच्या शेतजमिनीत वडिलांना पुरू द्यावे, न्या. सतीशचंद्र शर्मा म्हणाले, नेमलेल्या दफनभूमीतच न्यावे. मतभेद मोठ्या पीठाकडे पाठवला असता तर देह आणखी खोळंबला असता. म्हणून दोघांनी मिळून आदेश दिला, आणि वीसेक किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत बंदोबस्तात दफन करायचे ठरले. स्वतःच्या गावात माती मिळण्याचा हक्क आहे की नाही, याचे उत्तर त्या दिवशी मिळाले नाही.