वितळलेल्या पोलादात कॅल्शियम कसं उतरतं

मागच्या वेळी आपण मिश्रणाकडे अ‍ॅरिस्टॉटलच्या बाजूने पाहिलं. आज भट्टीच्या बाजूने पाहू.

पोलादातला प्राणवायू काढायला अ‍ॅल्युमिनियम घालतात. त्यातून अ‍ॅल्युमिनाचे बारीक घन कण तयार होतात आणि ओतकामाच्या तोटीत साचून ती तुंबवतात. कॅल्शियम मिळालं की हे कण द्रवरूप होतात. सोपं वाटतं ना? पण पोलाद असतं सुमारे १६०० अंश सेल्सियसला आणि कॅल्शियम १४८४ अंशांनाच उकळतं. वरून टाकलं, तर ज्वाळा उठवून वाफ होऊन जाणार!

म्हणून कॅल्शियमची पूड पातळ पोलादी आवरणात भरून त्याची लांबच लांब तार करतात. विजेच्या मोटरवर फिरणारे रूळ ती तार गुंडाळीतून ओढतात आणि सेकंदाला काही मीटर वेगाने लॅडलमध्ये, म्हणजे पोलादाच्या मोठ्या पात्रात, खुपसतात. दीड मीटर खोलीवर पोलादाच्या भाराने दाब जवळजवळ दुप्पट होतो. तिथे कॅल्शियमचं उकळणं बरंच आवरलं जातं. सगळी मेख वेगात आहे, बरं का. वेग कमी पडला, तर आवरण वरच वितळतं. फार झाला, तर तार तळाला आदळते. आपण तत्त्वज्ञानवाले 'क मध्ये ख मिसळला' असं सहज लिहून मोकळे होतो. किती खोल, हे कोण विचारतं?

एवढं करूनही बरंच कॅल्शियम उडून जातंच. आणि जास्त उरलं, तर गंधकाशी संयोग पावून तेही तोटी तुंबवू शकतं. म्हणून किती मीटर तार गेली एवढ्यावर भागत नाही. पोलादाचा नमुना काढून तपासावाच लागतो.