शिकागो विद्यापीठाने फुटबॉल का सोडला?

२१ डिसेंबर १९३९ रोजी शिकागो विद्यापीठाच्या विश्वस्तांनी एक निर्णय जाहीर केला आणि अमेरिकेतील क्रीडाविश्व चकित झाले. विद्यापीठाचा फुटबॉल संघ यापुढे आंतरविद्यापीठ सामने खेळणार नव्हता. एखाद्या दुबळ्या संघाने गाशा गुंडाळला असता तर त्याची फारशी दखल कोणी घेतली नसती. पण हा संघ एकेकाळी देशातील मातब्बर संघांपैकी एक होता आणि महाविद्यालयीन फुटबॉलला आजचे स्वरूप देण्यात त्याचा मोठा वाटा होता. जन्मदात्यानेच घराबाहेर पडावे, तसा हा प्रकार होता.

आपल्याकडे फुटबॉल म्हटले की पायाने खेळायचा गोल चेंडू डोळ्यांसमोर येतो. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू लंबगोल असतो. तो बहुतांशी हातात धरून पळवायचा किंवा फेकायचा असतो आणि प्रतिस्पर्ध्याने पळणाऱ्याला अंगावर झेपावून खाली पाडायचे असते. या धसमुसळ्या खेळाला तिथे गावजत्रेचे रूप येते ते विद्यापीठांच्या सामन्यांत. माजी विद्यार्थी, देणगीदार, शहरवासी असे सारे त्या दिवशी मैदानावर लोटतात. नेमके हेच विल्यम रेनी हार्पर यांनी हेरले होते.

हार्पर हे शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष. जॉन डी. रॉकफेलर यांच्या पैशांवर उभ्या राहिलेल्या या विद्यापीठात १८९२ मध्ये वर्ग सुरू झाले. नव्या संस्थेला नाव हवे होते आणि शहराशी नाते जोडायचे होते. हार्पर यांनी येल विद्यापीठातील आपला जुना विद्यार्थी अमोस अलोन्झो स्टॅग याला बोलावून घेतले. धर्मोपदेशक व्हायला निघालेला हा तरुण उत्तम खेळाडू होता. त्याला नुसते प्रशिक्षक नेमले नाही, तर सहयोगी प्राध्यापकाचा कायम दर्जा दिला. क्रीडाशिक्षकाला प्राध्यापकांच्या पंक्तीत बसविण्याची ही कल्पना त्या काळी अपूर्वच होती. तिचे परिणामही दूरगामी ठरले. स्टॅग यांचा विभाग जवळजवळ स्वतंत्र संस्थान बनला. त्याचा हिशेब वेगळा होता आणि सामन्यांच्या तिकिटांचे उत्पन्नही वेगळे.

स्टॅग यांनी १८९२ ते १९३२ अशी सलग ४१ वर्षे संघ घडविला. खेळाडूला पाडण्याच्या सरावासाठी वापरायचा भरलेला पुतळा त्यांच्याच कल्पनेतून आला, असे मानतात. १८९६ मध्ये मध्य-पश्चिमेकडील सात विद्यापीठांनी एकत्र येऊन एक परिषद स्थापन केली. तीच पुढे ‘बिग टेन’ म्हणून ओळखली गेली. शिकागो तिच्या संस्थापकांपैकी एक होते. या परिषदेचे विजेतेपद शिकागोने सात वेळा पटकावले.

त्यातले १९०५ चे वर्ष सर्वांत गाजले. मिशिगनचा संघ तेव्हा सलग ५६ सामने अपराजित होता. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी शिकागोच्या मैदानावर दोन्ही संघ भिडले आणि शिकागोने हा सामना अवघ्या २-० असा जिंकला. मिशिगनचा खेळाडू चेंडू घेऊन निघाला असता त्याला त्याच्याच गोलरेषेमागे अडविण्यात आले. हे दोनच गुण सामन्याचा निकाल लावून गेले. आजारी हार्पर यांच्या हयातीतला हा अखेरचा मोठा विजय ठरला. १० जानेवारी १९०६ रोजी त्यांचे निधन झाले.

याच वर्षी या वैभवाची दुसरी बाजूही उघड होऊ लागली होती. मैदानावर खेळाडू मृत्युमुखी पडत होते आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांना विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाऊसवर बोलवावे लागले. ‘कॉलियर्स’ या साप्ताहिकाने फुटबॉलसाठी विद्यार्थी कसे ‘मिळविले’ जातात यावर लेखमाला छापली. तिच्यात शिकागोचेही नाव होते. संघाचा लाडका वॉल्टर एकर्सॉल मैदानावर अद्वितीय होता, पण पदवी न घेताच तो विद्यापीठातून बाहेर पडला. हा मैदानाचा आणि वर्गाचा ताण पुढे तीन दशके धुमसत राहिला.

१९२९ मध्ये रॉबर्ट मेनार्ड हचिन्स अध्यक्ष झाले, तेव्हा ते अवघे ३० वर्षांचे होते. ग्रंथवाचन आणि सर्वंकष परीक्षा यांवर भर देणारी नवी शिक्षणपद्धती त्यांच्या कारकीर्दीत आली. शेजारची सरकारी विद्यापीठे आकाराने वाढत होती आणि खेळाडूंना सोयीचे अभ्यासक्रम देत होती. शिकागोत तशी पळवाट नव्हती. १९३२ मध्ये सत्तरीचे झालेले स्टॅग निवृत्तीच्या नियमाने दूर झाले. त्यांची इच्छा नव्हती. ते कॅलिफोर्नियातील कॉलेज ऑफ द पॅसिफिकला गेले आणि १९३८ मध्ये तोच संघ घेऊन शिकागोत आले. स्वतःच्याच नावाच्या ‘स्टॅग फील्ड’वर त्यांनी जुन्या विद्यापीठाला ३२-० असे हरविले. सूड म्हणावा तर स्टॅग तसे माणूस नव्हते, पण योगायोग मात्र बोचरा खरा.

उतरणीच्या त्या काळातही एक तारा चमकून गेला. जे बर्वँगर याला १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या डाउनटाउन अॅथलेटिक क्लबचा पहिला करंडक मिळाला. हाच पुढच्या वर्षापासून ‘हाइझमन ट्रॉफी’ म्हणून ओळखला जाऊ लागला. १९३६ मध्ये व्यावसायिक लीगने खेळाडू निवडण्याची पद्धत प्रथमच सुरू केली आणि त्यात सर्वांत पहिले नाव बर्वँगरचेच होते. तो व्यावसायिक फुटबॉल एकदाही खेळला नाही. मिशिगनविरुद्धच्या सामन्यात त्याला अडवताना प्रतिस्पर्धी संघातील एका खेळाडूच्या डोळ्याखाली जखम झाली आणि तिचा व्रण कायम राहिला. तो खेळाडू म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड.

१९३९ चा हंगाम मात्र लाजिरवाणा होता. मिशिगनकडून ८५-०, ओहायो स्टेटकडून ६१-०, हार्वर्डकडूनही ६१-० असे पराभव पदरी पडले. विजय मिळाले ते वॉबॅश आणि ओबरलिन या लहान महाविद्यालयांवर. हचिन्स यांनी आधीच्या वर्षी एका लोकप्रिय साप्ताहिकात प्रेक्षकांच्या पैशांवर चालणाऱ्या महाविद्यालयीन खेळावर कडक टीका केली होती. आता विश्वस्त त्यांच्याशी सहमत झाले. टीकाकार म्हणाले, हरणाऱ्याला तत्त्वे आठवली. या टोमण्यात तथ्य नाही असे नाही. सलग विजय मिळत असते तर हाच ठराव मंजूर झाला असता का, हा प्रश्न उरतोच. तरीही जे पाऊल बहुतेक विद्यापीठे पराभवानंतरही उचलत नाहीत, ते शिकागोने उचलले, हेही नाकारता येत नाही. प्रशिक्षक क्लार्क शॉनेसी स्टॅनफर्डला गेले आणि त्यांच्या संघाने १९४० चा हंगाम एकही सामना न हरता पूर्ण केला. तेव्हा दोष प्रशिक्षकाचा होता, असे म्हणण्याची सोयही राहिली नाही.

ओस पडलेल्या मैदानाला लवकरच वेगळे काम मिळाले. युद्धकाळात अणुसंशोधन शिकागोत एकवटले होते. अणुभट्टी शहराबाहेर उभारायची होती, पण कामगारांच्या संपामुळे तिथली इमारत रखडली. तेव्हा स्टॅग फील्डच्या पश्चिमेकडील प्रेक्षागाराखालच्या बंदिस्त कोर्टात ग्राफाइटच्या सुमारे ४० हजार विटा रचण्यात आल्या. २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी यांच्या नेतृत्वाखाली तिथे जगातील पहिली स्वयंचलित, नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडली. प्रकल्पाचे प्रमुख आर्थर कॉम्प्टन यांनी हचिन्स यांना आगाऊ कळविलेही नव्हते. कळविले असते तर भरवस्तीत असा प्रयोग करायला त्यांना नाही म्हणावे लागले असते. १९४६ मध्ये शिकागोने बिग टेनचे सदस्यत्वही सोडले.

त्यानंतर फुटबॉल परतला तो चोरपावलांनी. पन्नाशीच्या दशकात वॉल्टर हास यांनी शारीरिक शिक्षणाचा वर्ग म्हणून तो पुन्हा शिकवायला घेतला. १९६३ मध्ये एका मित्रत्वाच्या सामन्याच्या वेळी काही विद्यार्थ्यांनी मैदानातच बैठक मारून निषेध केला. फुटबॉल नको म्हणून आंदोलन करणारे विद्यार्थी अमेरिकेत दुसरीकडे सापडणे कठीण! तरीही १९६९ मध्ये विद्यापीठाचा अधिकृत संघ पुन्हा उभा राहिला. आता तो ‘डिव्हिजन तीन’मध्ये खेळतो. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देण्याची मुभाच नाही.

जुन्या संघाला लोक ‘मॉन्स्टर्स ऑफ द मिडवे’ म्हणत. विद्यापीठालगतच्या मिडवे या हिरव्या पट्ट्यावरून पडलेले हे नाव आज शिकागो बेअर्स हा व्यावसायिक संघ मिरवतो. जुने प्रेक्षागार १९५७ मध्ये पाडले गेले. अणुप्रयोगाच्या जागी हेन्री मूर यांचे शिल्प आहे आणि जिथे हजारो लोक आरोळ्या ठोकत, तिथे १९७० पासून रेगेन्स्टाइन ग्रंथालय उभे आहे. बर्वँगरचा तो पहिला करंडक त्याच्या मावशीने काही काळ दाराला अडसर म्हणून वापरला, असे सांगतात. आता तो विद्यापीठाच्या क्रीडासंकुलात काचेच्या कपाटात ठेवला आहे.