खापरपणजोबांचा नंबर काय?

एक कोडं सोडवा पाहू!

सिंगापूरमध्ये तांजोंग पगार नावाचा भाग आहे. तिथून थोडं चाललं की तेलोक आयर नावाचा रस्ता लागतो. आजूबाजूला उंचच उंच इमारती! त्या रस्त्यावर थियान हॉक केंग नावाचं जुनं चिनी देऊळ आहे. कुणाचं? माझू नावाच्या समुद्रदेवीचं!

पण तिथून समुद्र तर दिसतसुद्धा नाही. मग समुद्रदेवी इथे कशी?

अहो, समुद्रच तिथे होता! अगदी रस्त्याला लागून! चीनहून वादळवाऱ्यातून आलेली माणसं उतरली, की आधी देवीला हात जोडायची. पुढे भर घालून समुद्र लांब ढकलला. देवी मात्र जागची हलली नाही!

आता त्या माणसांच्या पणतवंडांना शोधायचंय, आपलं मूळ गाव कोणतं?

नावावरून शोधू म्हणता? तिथेच तर सगळी गंमत आहे! एकच चिनी आडनाव कुणी ‘तान’ म्हणतं, कुणी ‘चान’, तर कुणी ‘चेन’! कारकून कानाला ऐकू येईल तसं लिहून मोकळा. झाली का पंचाईत?

पण चिनी लोकांनी एक भारी काम करून ठेवलंय. थडग्याच्या दगडावर ते माणसाचं मूळ गावही कोरायचे! सिंगापूरच्या बुकित ब्राउन दफनभूमीत अशी सुमारे 1 लाख थडगी होती. शिवाय तिथल्या 1922 ते 1972 या काळातल्या दफनाच्या नोंदवह्या सरकारी अभिलेखागारानं जपल्यात. घरबसल्या कॉम्प्युटरवर बघता येतात!

आणि आपली मराठी माणसं? ती काही दगडावर गाव कोरत नव्हती. त्यांना शोधायला चला मॉरिशसला!

1834 पासून हिंदुस्थानातले मजूर उसाच्या मळ्यांत राबायला तिकडे जाऊ लागले. थोडेथोडके नाहीत, साडेचार लाखांच्या आसपास! त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते. पुष्कळसे कोकणातले, रत्नागिरीकडचे. पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरायचं, 16 दगडी पायऱ्या चढायच्या आणि मग वर कोण? कारकूनबुवा!

तुमच्या शाळेच्या ऑफिसात एक जाडजूड जनरल रजिस्टर असतं, माहीत आहे? प्रत्येक मुलाला त्यात एक नंबर. पुढे नाव, वडिलांचं नाव, जन्मगाव. दाखला काढायचा झाला की आधी हाच नंबर शोधतात. मॉरिशसचे कारकून अगदी तसंच रजिस्टर लिहायचे. पण त्यांचे रकाने ऐका! वय, जात, जिल्हा, गाव, जहाजाचं नाव. उंची! अंगावरच्या खुणासुद्धा! म्हणजे खापरपणजोबांच्या कपाळावर व्रण होता का, हे आज वाचता येतं!

थांबा, अजून आहे. 1860 च्या दशकापासून फोटोही काढायला लागले. गावी राहिलेल्या भावाचा मात्र बहुतेक कधीच फोटो निघाला नाही!

हे काही कौतुकानं केलेलं नव्हतं हं. मजूर मळ्यातून पळाला तर पकडता यावा, म्हणून ही सगळी खटपट! आणि आज त्याच खुणांवरून पणतवंडं त्याला शोधताहेत.

त्यातही सगळ्यात कामाचा कोण? नंबर! कारण नावांचं पार भजं झालेलं असतं. जुन्या इंग्रजी कागदांत आपली रत्नागिरीसुद्धा ‘रटनाघेरी’ होऊन बसते! खरं आडनाव कुठेतरी गळून पडतं आणि वडिलांचं नावच आडनाव होतं. नंबराला मात्र काही होत नाही.

मग शोधतात कसं? उलटं चालत जायचं. आधी स्वतःचा जन्मदाखला. त्यावरून आईबाबांचा. मग आजोबांचा, पणजोबांचा... असं करत करत एका जुन्या कागदावर तो नंबर सापडतो. हुर्रे! तो घेऊन मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जायचं. ती जुनी रजिस्टरं तिथेच ठेवली आहेत.

आणि एकदा का गाव सापडलं, की स्वारी महाराष्ट्रात! नाशिकला आणि त्र्यंबकेश्वरला तीर्थपुरोहितांकडे यात्रेकरूंच्या वह्या असतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या! जुन्या वह्यांत मोडी लिपी, एकमेकांत गुंतलेली, पेन न उचलता लिहिल्यासारखी. पुरोहित विचारतात, ‘‘आडनाव काय? गाव कोणतं?’’ तेवढं सांगितलं की बरोबर ती वही निघते. घराण्यातलं कुणी शंभर वर्षांपूर्वी येऊन गेलं असेल, तर त्याचं नाव त्यात असतं. कधी कधी त्याच्याच हातची सही!

तुमच्या घरचं कुणी कधी तिथे गेलं होतं का? आज रात्री जेवताना आजीला विचारा.

आणि कधी तिथे गेलात, तर एक लक्षात ठेवा. वही दाखवून झाली की पुरोहित घरातल्या नव्या माणसांची नावं लिहून घेतात, मुलांचीही. सही करायला सांगितलीच, तर अक्षर जरा बरं काढा. पुढच्या शंभर वर्षांत कुणीतरी ते लावायला बसणार आहे!