रेशमी वस्त्रांमधले रडते बालक

गोकुळाष्टमीच्या कीर्तनात वसुदेवाच्या मस्तकावरील टोपली यमुनेत शिरली की श्रोतृवृंद श्वास रोखून बसतो. राजाच्या क्रौर्यापासून अर्भकाला वाचविणाऱ्या या नदीकथेचे एक दूरचे भावंड बायबलच्या ‘निर्गम’ या ग्रंथात आहे. इब्री लोकांचे पुत्र नदीत टाकावेत, अशी मिसरच्या फारो राजाची आज्ञा होती. एका मातेने बाळ तीन महिने लपविले. पुढे ते अशक्य होताच लव्हाळ्याच्या पेटीला डांबर व राळ फासून तिने ते नदीकाठी ठेवले. स्नानास आलेल्या राजकन्येनेच त्याला उचलून घेतले. तोच मोशे.

व्हेनिसचा चित्रकार जोव्हान्नी बात्तिस्ता त्येपोलो (१६९६–१७७०) याने १७३० च्या दशकात हा प्रसंग तैलरंगांत चितारला. ते भव्य चित्र एडिंबरा येथील राष्ट्रीय कलासंग्रहात आहे. शंखशिंपल्यांच्या नक्षीवरून नाव पडलेल्या रोकोको शैलीचा उजळ, विलासी थाट त्यात आहे. मिसर देश मात्र शोधूनही सापडत नाही. राजकन्या सोळाव्या शतकातील व्हेनिसच्या सरदारकन्येसारखी नटलेली आहे.

पवित्र कथेला हा शृंगार कशासाठी, असे कोणी विचारील. हा आक्षेप आम्हां कीर्तनकारांसही नवा नाही. आख्यान रंगू लागले की आम्ही मथुरेच्या कारागृहाला मराठी वाड्याचे कडीकोयंडे लावतो आणि यशोदेला नऊवारी नेसवितो. नवी मुंबईलगतच्या पनवेलमध्ये १८४९ साली उभारलेले बेथ एल हे यहुदी प्रार्थनामंदिर आहे. कोकणच्या मराठीभाषी बेने इस्रायल समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या धर्मग्रंथातील चरित्रे मराठी कीर्तनांत गुंफली. मूळ इब्री कथेने मराठी वेष घेतला म्हणून तिचे पावित्र्य उणावले नाही.

परंतु शृंगाराला एक मर्यादा आहे, आणि ती त्येपोलोने पाळली आहे. एवढ्या झळाळत्या रेशमात त्याचे बाळ गोंडस, हसरे देवबालक नाही. दासीच्या हातांत जवळजवळ उलटे लोंबकळत ते आक्रोश करीत आहे. सारा सरंजाम त्या रडण्यासाठी मांडला आहे. त्या रडण्यामुळेच हा देखावा दरबारी करमणूक होत नाही.

या चित्राची पुढची कथाही ऐकण्याजोगी आहे. कालांतराने त्याचा उजवीकडचा भाग कापून वेगळा करण्यात आला. त्यातील शस्त्रधारी पहारेकरी आज इटलीतील तुरीन शहरी स्वतंत्र चित्र म्हणून नांदतो. पहारेकरी गेला, तरी मूळ चित्राचा अर्थ ढळला नाही, कारण ते मूल जागच्या जागी राहिले.

अष्टमीच्या मध्यरात्री पाळणा हलेल, फुलांच्या माळा, झुंबरे, दिव्यांची आरास झगमगेल. ती अवश्य असावी. मात्र त्या झगमगाटात कारागृहात जन्मलेल्या, जिवावरच्या संकटातून निसटलेल्या अर्भकाचे रडणे आपल्याला ऐकू यावे, एवढीच प्रार्थना.