मधल्या फटीची करामत

व्हॉल्व्हचा जुना रेडिओ कधी मागून उघडलेला पाहिलाय का, पोरांनो? आत काचेच्या नळ्यांशेजारी ॲल्युमिनियमच्या पातळ अर्धगोल पात्यांचा एक जुडगा असतो. पुढचं बटण फिरवलं की त्यातली निम्मी पाती बाकीच्या पात्यांमधल्या फटींत अलगद सरकत जातात, पण इतक्या दाटीवाटीतही कुणी कुणाला शिवत नाही. रेडिओ दुरुस्त करणारे त्याला ‘गँग’ म्हणतात. हा फिरता कंडेन्सर. पाहायला गेलं तर त्यात काहीच नाही, दोन बाजूंना धातू आणि मध्ये रिकामी जागा. पण पुण्याचं केंद्र हवं असताना मुंबईचं बोलणं मध्ये घुसत नाही ते या रिकाम्या जागेच्या जोरावर, आणि घुरघुर थांबते तीही तशाच एका फटीपायी.

ही फट माणसाला सापडली तीच मुळी हिसका देऊन. 1745 साली पोमेरानियात क्लाइस्ट नावाच्या पाद्र्याला ती सापडली. पुढच्याच वर्षी हॉलंडातल्या लायडन गावी मुशेनब्रूक या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत पाण्यानं भरलेल्या काचेच्या बरणीत तार सोडून वीज साठवायचा खटाटोप चालला होता. बरणी एका हातात धरून दुसरा हात तारेला लागला मात्र, प्राध्यापकमहाशय असे हादरले की फ्रान्सचं राज्य दिलं तरी हे पुन्हा करणार नाही, असं त्यांनी पॅरिसला लिहून कळवलं. झालं होतं असं, की आतलं पाणी हे एक पातं, बाहेरचा हात हे दुसरं, आणि काच ही मधली फट. फटीच्या अलीकडची वीज पलीकडच्या विजेला ओढून धरते, पण ओलांडून जाता येत नाही, म्हणून दोघी तिथंच दाटून बसतात, आणि वाट मिळाली की एकदम सुटतात. पॅरिसला ही बातमी पोचल्यावर नोले नावाच्या पंडितानं राजा पंधराव्या लुईपुढं 180 शिपाई हातात हात घालून उभे केले आणि बरणीची वीज त्यांच्यातून सोडली, तर सगळी पलटण एका दमात उडाली म्हणे!

बरं, आता गँगकडे येऊ. तिच्या जोडीला तारेचं एक वेटोळं असतं, त्याला कॉइल म्हणायचं. पात्यांवर दाटलेली वीज कॉइलमधून पळत सुटते. पण कॉइलचा स्वभाव असा हट्टी, की एकदा वाहायला लागलेला प्रवाह ती चटकन थांबू देत नाही. मग वीज पलीकडच्या पात्यांवर जाऊन दाटते, तिथून परत फिरते, आणि अशी तिची ये-जा चालू राहते. नागपंचमीला झाडाला बांधलेला झोका आठवा. त्याची एक ठरलेली लय असते. त्या लयीला धरून लहान पोरानं नुसतं बोट लावत राहिलं तरी झोका फांदीपर्यंत चढतो, आणि लय चुकवून पैलवानानं रेटला तरी जागच्या जागी डुचमळतो. हवेत पन्नास केंद्रांच्या लहरी येऊन तारेला ढकलत असतात. पुणे आकाशवाणी 792 किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 7 लाख 92 हजार वेळा ढकलणार. आपल्या विजेची ये-जा तितकीच ठेवली की पुण्याचा झोका चढतो आणि बाकीच्यांचे धक्के वाया जातात.

ती लय बदलायची कशी, तर पाती आत-बाहेर करून. पाती पूर्ण आत असली की वीज जास्त मावते, ये-जा सावकाश होते. बाहेर काढली की ती भराभर होते. यात एक खुबी आहे. ये-जा तिप्पट करायची तर मावणारी वीज तिपटीनं नव्हे, नऊ पटीनं कमी करावी लागते. मीडियम वेव्हचा पट्टा 530 पासून 1600 किलोहर्ट्झपर्यंत, म्हणजे साधारण तिप्पटच, म्हणून गँगची धाव नऊ पटीहून जास्त ठेवतात. सरळ अर्धगोल पात्यांनी वरच्या टोकाची केंद्रं डायलवर दाटीनं चिकटून बसायची. तेव्हा कारागिरांनी पात्यांची कडच वेगळ्या वळणाची कापली आणि केंद्रं ऐसपैस बसवली. मला ही कारागिरी फार आवडते. कडेच्या पात्याला तर पाकळ्यांसारख्या चिरा पाडलेल्या असतात, का, तर मेकॅनिकनं एखादी पाकळी केसभर वाकवून डायलवरचा काटा बरोब्बर केंद्राच्या आकड्यावर आणावा! आणि याच फटींत धूळ किंवा ॲल्युमिनियमचा कण अडकला, की बटण फिरवताना खरखर खरखर सुरू.

आता घुरघुरीचं सांगतो. घरची वीज सेकंदाला 50 हेलकावे खाते. रेडिओला हवी एका दिशेची वीज, म्हणून ती डायोडमधून एकाच दिशेला वळवली, तरी सेकंदाला 100 उंचवटे उरतातच, आणि तेच स्पीकरमध्ये घूंऽऽ करत राहतात. तिथं मोठा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बसवतात. उंचवटा आला की तो भरून घेतो, खड्डा आला की आपल्या पोटातलं देतो. कंडेन्सरात किती वीज मावते ते फॅरॅडमध्ये मोजतात, आणि पिको म्हणजे मायक्रोचा दहा लाखावा भाग. ट्रान्झिस्टरच्या सेटला 1000 मायक्रोफॅरॅडचा लावला, तर तो 365 पिकोफॅरॅडच्या गँगहून सुमारे 27 लाख पट मोठा ठरतो. जात एकच! वर्षानुवर्षं उष्णतेत राहून त्याच्यातला ओलावा सुकला, की घूं परत येतो. म्हणून चांगला मेकॅनिक घुरघुरता सेट आला की आधी त्याच्याकडेच बघतो.

या मोठ्या कंडेन्सरजवळच बटणाएवढे चपटे सिरॅमिकचे कंडेन्सरही विखुरलेले असतात, 0.1 मायक्रोफॅरॅडचे. सेकंदाला 100 हेलकाव्यांच्या घुरघुरीला असा एक कंडेन्सर 16 हजार ओहमचा अडसर घालतो, आणि 10 लाख हेलकाव्यांच्या लहरीला अवघा 1.6 ओहमचा. त्यामुळे भलत्या वाटेनं भटकणाऱ्या जलद लहरी त्याच्यातून थेट जमिनीच्या तारेला जातात, आणि सेट किंचाळत नाही.

हल्लीच्या बऱ्याच रेडिओत पाती दिसणार नाहीत. तिथं सिलिकॉनच्या एका कणात फट असते. उलटा व्होल्टेज वाढवला की ती रुंदावते, मावणारी वीज घटते आणि केंद्र बदलतं. पण माळ्यावरचा व्हॉल्व्हचा सेट खाली काढून गँग बघायची असेल, तर प्लग काढल्यावरही थोडा धीर धरा, आणि पहिल्यांदा जाणत्या माणसालाच पुढे करा. आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये शे-दोनशे व्होल्ट अजून दबा धरून बसलेले असू शकतात.