लेखक गेल्यावरची ६० वर्षे

भारतातल्या कॉपीराइट कायद्याचा मुख्य आकडा आहे ६०. लेखक, कवी, संगीतकार किंवा चित्रकार हयात असेपर्यंत आणि त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्यांच्या कृतीवरचा हक्क टिकतो. ही ६० वर्षे मृत्यूच्या दिवसापासून मोजत नाहीत, पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांवरचा हक्क ३१ डिसेंबर २०१० रोजी संपला. ‘श्यामची आई’ आज एकाहून अधिक प्रकाशक छापतात, कोणाची परवानगी न घेता, ते त्यामुळे.

१९५७ च्या मूळ कायद्यात हा आकडा ५० होता. तो वाढला एका लेखकामुळे. रवींद्रनाथ ठाकूर ७ ऑगस्ट १९४१ रोजी गेले, म्हणजे त्यांच्या साहित्यावरचा विश्वभारतीचा हक्क ३१ डिसेंबर १९९१ रोजी संपणार होता. मुदतवाढीचा वटहुकूम २८ डिसेंबर १९९१ रोजी निघाला, तेव्हा ३ दिवस उरले होते. पुढे १९९२ मध्ये त्याचा कायदा झाला. वाढ रवींद्रनाथांसाठी असली तरी १९४१ किंवा त्यानंतर गेलेल्या प्रत्येक लेखकाच्या वारसांना १० वर्षे जास्तीची मिळाली. साने गुरुजींच्या पुस्तकांची मुदत २००० वरून २०१० वर गेली. माधव जूलियन १९३९ मध्ये गेले. त्यांच्या कवितांवरचा हक्क १९८९ अखेर संपलेला होता आणि संपलेला हक्क या दुरुस्तीने जिवंत झाला नाही. फरक २ वर्षांचा.

पुढच्या तारखा याच हिशेबाने काढता येतात. वि. दा. सावरकर (निधन १९६६) २०२६ अखेर, प्र. के. अत्रे (१९६९) २०२९ अखेर, वि. स. खांडेकर (१९७६) २०३६ अखेर. कुसुमाग्रजांसाठी २०५९ आणि पु. ल. देशपांडे यांच्यासाठी २०६० संपावे लागेल.

सगळ्या कृतींची मोजणी मात्र मृत्यूपासून होत नाही. चित्रपट, ध्वनिमुद्रण आणि सरकारी प्रकाशने यांना प्रसिद्धीपासून ६० वर्षे मिळतात. गायक-नट अशा कलावंतांच्या सादरीकरणाला ५० वर्षे, प्रसारण संस्थेला तिच्या प्रसारणासाठी २५. त्यामुळे एकाच कलाकृतीत तीन-चार मुदती शेजारी शेजारी चालतात. राजा परांजपे यांचा ‘जगाच्या पाठीवर’ १९६० चा. चित्रपट म्हणून त्याची मुदत २०२० अखेर संपली. त्याची गाणी ग. दि. माडगूळकरांनी लिहिली. माडगूळकर १४ डिसेंबर १९७७ रोजी गेले, म्हणून शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. चाली सुधीर फडके यांच्या. ते २९ जुलै २००२ रोजी गेले, म्हणून चालींवरचा हक्क २०६२ अखेरपर्यंत. एकाच गाण्याचे शब्द मोकळे झाल्यावरही चाल आणखी २५ वर्षे बांधलेली राहील. त्या काळात ते शब्द पुस्तकात छापायला परवानगी लागणार नाही, पण त्याच चालीवर व्यावसायिक कार्यक्रम करायला लागेल.

मरणोत्तर प्रकाशनाचा नियम याहून विचित्र निकाल देतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ६ डिसेंबर १९५६ रोजी गेले. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ २०१७ च्या १ जानेवारीला सर्वांचे झाले. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ १९५७ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर आले. अशा पुस्तकाची ६० वर्षे पहिल्या प्रकाशनापासून मोजतात, म्हणून त्याला २०१७ संपावे लागले. ‘रिडल्स इन हिंदुइझम’चे हस्तलिखित महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत १९८७ मध्ये छापले गेले. कलम २४ च्या हिशेबाने त्याची मुदत २०४७ अखेरपर्यंत जाते. लेखक एक, पण पहिल्या आणि शेवटच्या पुस्तकाच्या मुदतीत ३१ वर्षांचे अंतर. हस्तलिखित जितका काळ पेटीत राहील तितका हक्क लांबतो, हे कायदा करणाऱ्यांच्या मनात होते की नाही याची शंका येते.

ही मुदत बौद्धिक संपदेच्या इतर प्रकारांशी ताडून पाहावी. पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे चालते. नोंदवलेले डिझाइन १० अधिक ५, म्हणजे जास्तीत जास्त १५ वर्षे. ट्रेडमार्क आणि भौगोलिक मानांकन दर १० वर्षांनी नूतनीकरण करून कितीही काळ राहते. पंचविशीत लिहिलेली कविता आणि पंच्याऐंशीव्या वर्षी मृत्यू असे धरले, तर त्या कवितेला १२० वर्षे मिळतात. औषधाच्या शोधाच्या सहापट.

आता नोंदणीचे आकडे. २०२२-२३ मध्ये देशात कॉपीराइट नोंदणीसाठी सुमारे २९,५०० अर्ज आले. आदल्या वर्षी ते ३१ हजारांच्या आसपास होते. घट सुमारे ५ टक्के. त्याच वर्षी पेटंटचे अर्ज ६६,४४० वरून ८२,८११ वर गेले, वाढ २४.६ टक्के, ट्रेडमार्कचे अर्ज साडेचार लाखांच्या वर होते. यावरून देशात लेखन-संगीत कमी झाले असा निष्कर्ष काढणारा चुकेल. पेटंट अर्जाशिवाय मिळतच नाही. कॉपीराइट कृती निर्माण होताच मिळतो, नोंदणी ऐच्छिक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये संजय सोया प्रकरणात हेच स्पष्ट केले: दावा लावायला नोंदणीची अट नाही. नोंदणीचा उपयोग पुराव्यापुरता. पुस्तकासाठी शुल्क ५०० रुपये, चित्रपटासाठी ५,००० रुपये, आणि अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवसांची वाट. म्हणजे हा आकडा निर्मितीपेक्षा वादाची धास्ती अधिक मोजतो.

मराठी लेखकाच्या खिशाशी ज्याचा संबंध येतो तो आकडा वेगळाच आहे. तो आहे ५. कलम १९ सांगते की हक्क हस्तांतराचा करार लेखी आणि सहीचा हवा. त्यात कृती, हक्क, मुदत, प्रदेश आणि मानधन नमूद हवे. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन प्रकाशकाने १ वर्षात त्यांचा वापर केला नाही आणि करारात तसे काही वेगळे ठरले नसेल, तर ते हस्तांतर रद्द समजले जाते. १० मे १९९५ पूर्वीच्या करारांना हे लागू नाही, नंतरच्या सगळ्यांना आहे.

एका पानाचा करारनामा समोर धरू. पुस्तकाचे नाव, किंमत ३०० रुपये, आवृत्ती १,००० प्रती, मानधन छापील किमतीवर १० टक्के, खाली दोन सह्या, तारीख १ जुलै २०१५. मुदतीचा उल्लेख नाही. पूर्ण आवृत्ती खपली तर लेखकाला ३०,००० रुपये मिळतील. आणि हक्क ३० जून २०२० रोजी लेखकाकडे परत येतील, कोणी काही न करता. त्यानंतर नवा करार न करता काढलेले पुनर्मुद्रण हे तांत्रिकदृष्ट्या लेखकाच्या हक्काचा भंग ठरते. ६० वर्षांची मुदत सगळ्यांना तोंडपाठ असते. कराराचे पान उघडून तारीख पाहणारे लेखक थोडे. वारस त्याहून थोडे.

चित्रपटगीतांच्या बाबतीत २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक आकडा आणला. गीतकार आणि संगीतकाराने हक्क निर्मात्याला दिले, तरी चित्रगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीत त्यांचा समान वाटा राहतो. तो वाटा सोडून देण्याचा करार केला तरी तो चालत नाही. अपवाद दोनच: वारसांच्या नावे केलेले हस्तांतर आणि वसुलीसाठी कॉपीराइट संस्थेकडे दिलेला हक्क.

शिक्षेचे आकडे जुने आहेत. हक्कभंगाला ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड ही चौकट १९८४ पासून बदललेली नाही. दंडाची किमान रक्कमही वरच्या उदाहरणातल्या लेखकाच्या पूर्ण आवृत्तीच्या मानधनापेक्षा जास्त आहे. मात्र व्यापारी लाभासाठी भंग झाला नसेल तर कारणे नोंदवून न्यायालय ती कमी करू शकते. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितले. चित्रपटांसाठी २०२३ मध्ये वेगळी तरतूद झाली: चोरून चित्रीकरण वा प्रदर्शन केल्यास किमान ३ लाख, कमाल निर्मितीखर्चाच्या ५ टक्के. २ कोटींच्या मराठी चित्रपटाला ही कमाल मर्यादा १० लाख होते, पुस्तकाच्या कमाल दंडाच्या पाचपट.

काही आकडे सर्रास सांगितले जातात, पण कायद्यात सापडत नाहीत. ‘३० सेकंदांपर्यंत गाणे वापरले तर चालते’, ‘१० टक्के पुस्तक झेरॉक्स करता येते’ ही वाक्ये कोणत्याही कलमात नाहीत. दिल्ली विद्यापीठातल्या एका झेरॉक्स दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनी २०१२ मध्ये दावा लावला. डिसेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने शिक्षणासाठीच्या प्रतींना टक्केवारीची मर्यादा घालायला नकार दिला. शिकवण्याच्या हेतूला किती आवश्यक आहे, हाच निकष.

जे आकडे खरोखर कलमात आहेत ते फारसे कोणाला ठाऊक नसतात. सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी भारतात विक्रीला नसलेल्या पुस्तकाच्या जास्तीत जास्त ३ प्रती काढता येतात. शालेय संकलनांसाठी एका प्रकाशकाला कोणत्याही ५ वर्षांत एकाच लेखकाचे दोनच उतारे वापरता येतात. आणि यंत्रावर निघणाऱ्या वस्तूसाठी केलेले, नोंदवता येण्याजोगे पण न नोंदवलेले डिझाइन घ्या. चादरीवरची नक्षी म्हणू. तिच्या ५० प्रती निघेपर्यंत कॉपीराइट आहे. ५१ वी चादर मागावरून उतरली की नाही.